पिवळी झाक

नलवडे मामा कुणाच्याही घरी गेले की चपला काढता काढता पहिला प्रश्न विचारायचे, "उत्तर कुटं आली?"

नवख्या माणसाला वाटायचं, हे पाणाडे असावेत. विहीर खणायच्या आधी दिशा विचारत शिवारात फिरणारे लोक आमच्या भागात पुष्कळ. मामांनाही पाणीच बघायचं असायचं, पण ते हिऱ्यातलं. हिऱ्याचा रंग उत्तरेच्या उजेडातच कळतो, अशी त्यांची पक्की खात्री होती. आणि या घरात कुणाच्या तरी बोटात अंगठी असणार आणि ती आपल्याला दाखवली जाणार, याची त्याहून पक्की. उत्तरेची खिडकी सापडली की ते तिच्याशी खुर्ची ओढून बसत, खिशातून जाड पांढऱ्या कागदाची घडी काढत आणि घरातल्या बायकांच्या हातांकडे असं बघत, की बायका हात पदराखाली घेत.

ज्या कुणाची अंगठी हाती लागेल ती ते त्या घडीत पालथी घालायचे. तोंडानं ‘हाऽ’ करून खड्यावर वाफ सोडायची, चकाकी मेली की मान तिरकी करून कडेनं बघायचं, आणि श्वास रोखून बसलेल्या घराला दोन शब्दांत निकाल द्यायचा, "झाक हाय."

झाक म्हणजे पिवळी झाक. झाक नसलेला हिरा मामांना आयुष्यात फारसा भेटलाच नाही. एकदा एका बाईंच्या कुडीतला खडा त्यांनी निर्मळ ठरवला, सगळ्यांना बोलावून दाखवला, आणि पुढं तो काचेचा निघाला. त्यावर मामा म्हणाले की काचेला झाक कशाला असेल, ती गरिबाची चीज आहे, तिला कसला गर्व नाही. म्हणजे चूक कबूल न करता त्यांनी गरिबांची बाजूही घेतली.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी तेव्हा मुलींच्या एका शाळेत मराठी शिकवत होते आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या आणि मामांच्या घराची भिंत एक होती. मामांची सगळी नोकरी कापडाच्या गिरणीत झालेली. धुलाई होऊन आलेलं कापड पांढरं झालं की नाही, एवढंच बघायचं त्यांचं काम. सकाळी जायचं, दिवसभर पांढऱ्याकडे बघायचं, संध्याकाळी परत यायचं. अशा माणसाला एक दिवस नारळ देऊन घरी पाठवला तर त्यानं करायचं काय? डोळ्यांना सवय लागलेली आणि बघायला कापड नाही. सुरुवातीला त्यांनी घरातल्या दोरीवरच्या कपड्यांवर भागवलं. मामींनी धोतर वाळत घातलं की मामा त्याच्यासमोर हात पाठीमागं बांधून उभे राहायचे आणि म्हणायचे, "निळीत हात आखडलास." मामी डोक्यावरचा पदर सावरत आत जायच्या. त्या कमी बोलायच्या. त्या घरात बोलायला फारशी जागाही नव्हती.

अशात मामींचा एक भाचा सुट्टीला आला. तो सुरतेला हिरे घासायच्या कारखान्यात लागला होता. पोरगा बिचारा विश्रांतीला आलेला, पण मामांनी त्याला अंघोळीलासुद्धा निवांत जाऊ दिलं नाही. हिरा पांढरा असतो म्हणतात, पण पांढऱ्यातही पायऱ्या असतात. अजिबात रंग नसलेला तो ‘डी’, आणि तिथून उतरत उतरत पिवळट ‘झेड’पर्यंत, हे ऐकल्यावर मामांना गिरणीत परत बोलावल्यासारखा आनंद झाला. आयुष्यभर त्यांनी कापडाला नुसतं ‘पांढरं’ आणि ‘परत टाका’ असं म्हटलं होतं. पांढऱ्याला एवढी अक्षरं आहेत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी विचारलं होतं की मग ए, बी, सी कुठं गेली. भाच्यानं सांगितलं की पूर्वी ती अक्षरं कुणीही कसलीही वापरायचं, म्हणून नवी मोजणी करणाऱ्यांनी ती सोडून दिली. मामांना हे उत्तर फार साधं वाटलं. भाचा गेल्यावर त्यांनी ते सुधारून घेतलं. "ए, बी, सी देवानं आपल्याला ठेवून घेतल्यात," असं ते लोकांना सांगू लागले, आणि लोक अंबाबाईच्या देवळाच्या दिशेनं हात जोडू लागले.

एरवी हे खूळ गल्लीतच जिरलं असतं. पण काळ मामांच्या बाजूचा होता. उसाला आणि गुळाला बरे दिवस आले होते. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठुशी आणि साज याच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, त्या घरांतून लेकीसुना ‘हिरा’ म्हणू लागल्या होत्या. सोनं कसं बघायचं हे कोल्हापुरात शेंबड्या पोराला कळतं. हिरा कसा बघायचा हे कुणालाच कळत नव्हतं, आणि कळत नाही असं म्हणायची कोल्हापुरात पद्धत नाही. तेव्हा गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, शांतीलालशेठच्या पेढीवर हिरा घ्यायला जाताना नलवडे मामांना बरोबर न्यायचं, असा रिवाज पडला.

मामा दुकानात शिरले की शेठ आधी ट्यूबलाइट बंद करायचे. ट्यूबलाइटच्या निळसर उजेडात पिवळा खडा पांढरा दिसतो, हे मामांनी भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर सांगितल्यापासून त्यांनी ती शिस्त लावून घेतली होती. मग सगळं लटांबर ओट्यावर. लाल लुगडं नेसलेल्या बाईनं मागं सरायचं, कारण लुगड्याचा रंग खड्यात उतरतो. एकदा शाहूपुरीतले गुळाचे एक बडे व्यापारी केशरी फेटा बांधून आले होते. मामांनी त्यांना फेटा उतरवायला लावला. ज्या माणसाला लेकीच्या सासऱ्यानं फेटा उतरवायला सांगितलं असतं तर दोन घराण्यांत वैर झालं असतं, तो माणूस गुजरीत उघड्या टकलानं उभा राहिला.

मामांनी खडा बघितला आणि झाक असल्याचं सांगितलं. व्यापाऱ्यानं विचारलं की झाक असली तर बिघडलं काय. मामांनी समजावलं की जितका पिवळा तितका उतरता. व्यापारी हे ऐकून गोंधळात पडले. गुळाच्या सौद्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं आणि तिथं पिवळ्याधमक ढेपेला सगळ्यांत चढा भाव मिळतो.

"आमी पिवळ्याला डोक्यावर घेतोय," ते म्हणाले, "आणि तुमी पिवळा म्हणून टाकून देतासा? ह्यो धंदा उलटा हाय की मामा."

शेठनी हळूच सुचवलं की खडा सोन्यातच बसणार, सोन्याच्या पिवळ्यात ही एवढीशी झाक दिसायची नाही, बोटात घातल्यावर तर देवालाही कळणार नाही. ते खरंच होतं. पण मामांनी शेठकडे असं बघितलं, की शेठनी मान खाली घातली. व्यापाऱ्यानं अखेर पांढरा खडा घेतला आणि पुढं वर्षभर भेटेल त्याला सांगितलं, की रंग नसल्याचे पैसे मोजणारा आपल्या घराण्यातला आपण पहिलाच.

हिऱ्यांची अक्षरं मामा मग कशालाही लावू लागले. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला गेले की पेला उजेडाकडे धरून ‘एच’ म्हणायचे. गवळी म्हणायचा, म्हशीचं हाय मामा, एच कुठली. आमच्या वॉर्डाच्या मेंबरला त्यांनी थेट झेड दिला होता. मेंबरला वाटलं ही काहीतरी वरची पदवी आहे, म्हणून निवडणुकीत त्यानं मामांच्या घरी पेढे पाठवले. मामांनी पेढ्यांनाही अक्षर दिलं आणि खाल्ले.

त्यांच्या दुसऱ्या बाजूला बापू शिंदे राहायचे. त्यांचं सायकलींचं दुकान होतं. त्यांची थोरली शालन माझी विद्यार्थिनी, शाळा संपवून टायपिंगच्या क्लासला जाणारी. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं आणि शालन दोन्ही घरांची होती. मामींच्या चुलीपुढं ती लहानाची मोठी झाली. मामा तिला पेपर वाचायला लावायचे. अक्षर बारीक झालंय हल्ली, छापखानेवाले शाई वाचवतात, असं म्हणायचे. आम्हाला ते पटायचं. त्या काळात कुणी कशात काय वाचवतंय, असं कुणीही म्हटलं की आम्हाला पटायचं.

त्याच सुमारास मामांना सगळीकडे जरा जास्तच झाक दिसू लागली. आजऱ्याहून आलेला घनसाळ तांदूळ पिवळा. नवा चुना दिलेली भिंत पिवळी. मीठ पिवळं. स्वातंत्र्य आल्यापासून या देशातनं पांढरा रंग गेला, असं त्यांचं मत झालं, आणि गंमत म्हणजे गल्लीत एकानंही त्याला विरोध केला नाही. उलट भेसळीवर प्रत्येकाकडे एकेक किस्सा होता. आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत तर यावर एक अख्खा तास रंगला.

आणि शालनचं लग्न ठरलं.

स्थळ आजऱ्याचं. मुलाचे वडील तुकारामअण्णा काजूचे व्यापारी, गडी उंचापुरा आणि आवाज असा की घरात बोलले तरी चौकात ऐकू यावं. मुलगा विलास एका बँकेत होता, बापाच्या वाट्याचं न बोलणं सगळं त्याच्याकडे आलेलं. साखरपुड्याला पाहुणे अंगठी घेऊन आले. अण्णांनी ती बेळगावच्या एका ओळखीच्या सराफाकडून घेतली होती, हिऱ्याची, आणि आजऱ्यात आपल्या घरी पहिलाच हिरा आला, हे त्यांनी उंबरठा ओलांडायच्या आत दोनदा सांगितलं.

बापूंना पुढचं दिसत होतं. त्यांनी मामांना मुद्दाम दक्षिणेच्या भिंतीशी बसवलं होतं. पण अंगठीचं तबक फिरत आलं तेव्हा अण्णांनीच हौसेनं ते मामांच्या पुढं धरलं. कोल्हापुरातले हिऱ्याचे मोठे जाणकार तुमच्या शेजारीच आहेत म्हणे, मग होऊन जाऊ द्या, असं म्हणाले. मामा उठले. उत्तरेच्या दाराशी गेले. भटजी अक्षता हातात धरून थांबले. मामांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला, दोनदा वाफ सोडली, कागद वळवून वळवून बघितला.

"झाक हाय," ते म्हणाले. मग आजवर कधी न जोडलेला शब्द त्यांनी जोडला, "लई हाय."

अण्णांनी शांतपणे विचारलं, म्हणजे आम्ही पिवळा खडा घेऊन सून न्यायला आलोय काय. त्या माणसाचा आवाज खाली आला की जास्त भीती वाटायची. मामा म्हणाले की आपण खड्याबद्दल बोलतोय, माणसांबद्दल नाही. हे त्यांनी समजूत घालण्यासाठी म्हटलं असावं. अण्णांनी अंगठी खिशात टाकली, आधी खडा बदलून आणतो मग पुढचं बघू, असं म्हणाले आणि पाहुण्यांना उठवलं. लाडू तसेच राहिले. विलास दारात चप्पल शोधत बराच वेळ घुटमळला. चप्पल त्याच्या पायासमोरच होती.

अण्णा पुन्हा आलेच नाहीत. बेळगावच्या सराफानं खडा अस्सल पांढरा आहे अशी शपथ घेतली म्हणे, अण्णांनी त्यालाही चार शिव्या दिल्या, वर्षानुवर्षांची ओळख तुटली. मग कुठूनतरी निरोप आला की पहिल्याच दिवशी ज्या घरात आमची चीज उजेडात धरून बघतात, तिथं आमचं जमायचं नाही. बापूंनीही आपण होऊन जायला नकार दिला. दोन्हीकडे मान मोठा होता आणि मधे शालन होती.

मामांना यात आपलं काही चुकलं असं वाटलं नाही. उलट फसवणुकीतून पोर वाचली, असं ते समजत. मी होतो म्हणून बरं, असं ते एकदा शालनच्या समोरच म्हणाले. ती मामींना शेंगा सोलू लागत होती. तिनं वर बघितलं नाही. पुढंही ती येत राहिली, मामींसाठी. पेपर वाचायला मात्र तिला सवड होईना.

पावसाळा सरत आला असताना माझ्या शाळेतल्या देसाईबाई माझ्या मागं लागल्या. त्यांना होणाऱ्या सुनेसाठी अंगठी घ्यायची होती. शांतीलालशेठनी दाखवायला म्हणून अंगठी दिली होती आणि मामांनी हो म्हटल्याशिवाय ती घ्यायची नाही असं देसाईबाईंच्या घरी ठरलं होतं. मी त्यांना घेऊन मामांकडे गेले. भर दुपार, स्वच्छ ऊन पडलेलं. मामा उत्तरेच्या खिडकीशी बसले, खिशातली घडी काढली आणि कागद मळलाय म्हणून टाकून दिली. मग भिंतीवर थाप मारून शालनला हाक मारली आणि टायपिंगचा कोरा कागद मागितला.

शालन कागद घेऊन आली. मामांनी त्याची घडी घातली, उजेडात धरली आणि परत दिली. हा पिवळा आहे, दुसरा आण. तिनं दुसरा आणला. तोही पिवळा. मामांनी कागदाच्या गिरण्यांचा उद्धार केला. तिथं चेकर म्हणून कुणाला बसवलंय, त्याला डोळे आहेत काय, असं विचारलं. देसाईबाईंनी मान हलवून दुजोरा दिला. शाळेत येणाऱ्या वह्यांचे कागदही हल्ली तसलेच येतात म्हणाल्या. शालन पुन्हा गेली आणि या वेळी न फोडलेला गठ्ठाच घेऊन आली. आमच्यासमोर वरचं वेष्टन काढलं, मधला एक कागद ओढला आणि मामांच्या हातात दिला.

मामांनी तो खिडकीकडे धरला. कपाळाला आठ्या घातल्या. "ह्यो बी पिवळा."

शालन त्यांच्या शेजारी उभी होती. तिच्या हातात गठ्ठा तसाच.

"मामा," ती म्हणाली, "कागद पांढरा हाय."

मामा हसले. तिच्या डोळ्यांची तपासणी करायला हवी, असं काहीतरी म्हणाले आणि कागद माझ्यापुढं धरला. मी तो घेऊन मांडीवर ठेवला. देसाईबाई जमिनीकडे बघू लागल्या. मघाशी त्यांनी मान हलवली होती, ती आता कुठं ठेवावी हे त्यांना कळेना. मामी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या होत्या. मामांनी त्यांच्याकडे बघितलं.

"पांढरा हाय," मामी म्हणाल्या.

मग मामांनी भिंतीबद्दल विचारलं. मामींनी सांगितलं की गणपतीला चुना दिलाय, पांढरी आहे. अंगातल्या सदऱ्याबद्दल विचारलं. तोही पांढरा. खुंटीवरचा टॉवेल, ताटलीतलं मीठ, अंगणातली कोंबडी. एकेक वस्तू दाखवून ते विचारत होते आणि मामी तेवढाच एक शब्द बोलत होत्या. शेवटी विचारायला काही उरलं नाही. तेव्हा त्यांनी शालनकडे तोंड वळवलं.

"मग तवाचा त्यो खडा?"

शालननं सगळे कागद गोळा केले, कडा जुळवल्या आणि गठ्ठा उराशी धरून घरी गेली.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत. हा हळूहळू चढतो, आणि माणूस जणू पिवळी काच लावून जग बघत असतो, पण रोजच्या रोज थोडी थोडी चढल्यामुळं त्याला कळत नाही, असं त्यांनी समजावलं. उजवा डोळा पिकत आलाय, दिवाळी झाल्यावर ऑपरेशन करू म्हणाले. मामांनी विचारलं, हे कधीपासून असेल. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, दोनतीन वर्षं तरी. त्या दोनतीन वर्षांत निम्म्या कोल्हापुरानं त्यांच्या डोळ्यांनी हिरे घेतले होते.

दुसऱ्या दिवशी मामी माझ्याकडे आल्या. हे आजऱ्याला जायचं म्हणतात, एसटीची पायरी दिसत नाही, तुम्ही बरोबर जाल का, एवढंच म्हणाल्या. रविवारी आम्ही निघालो. मामांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि गाडीत ते सगळा वेळ समोरच्या बाकाची दांडी धरून बसले होते.

तुकारामअण्णा वखारीच्या अंगणात होते. बायका सुपं घेऊन काजूगर निवडत होत्या, पांढरे एकीकडं, डागी एकीकडं. अण्णांनी आम्हाला ओळखलं आणि या म्हटलं, बसा म्हटलं नाही. मामा उभ्याउभ्याच बोलले.

"हिरा पांढरा हुता," ते म्हणाले. "डोळा माझा पिवळा हुता. पोरीची काय चूक न्हाय आणि तुमच्या सराफाची बी न्हाय. ते सांगाय आलोय."

अण्णांना हे पटलं नाही. त्यांना वाटलं, मुलीकडच्यांनी शिकवून पाठवलंय. त्यांनी आतून ती अंगठी मागवली आणि आत्ता बघून सांगा म्हणाले. मामांनी हात मागं घेतले. मला दाखवू नका, मला सगळं सारखंच दिसतं, माझ्या बोलण्याला आता काही अर्थ नाही, असं त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं, की मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हे वाक्य म्हणायला त्यांना किती जड गेलं असेल, ते मला ठाऊक होतं.

अण्णांनी थोडा विचार केला. मग एका सुपातून मूठभर काजूगर उचलून मामांच्या तळहातावर ठेवले आणि यातले पांढरे वेगळे करा म्हणाले. मामा बराच वेळ तळहात डोळ्यांजवळ नेत होते, लांब धरत होते. चांगला दुधासारखा गर आणि भाजून पिवळा पडलेला गर शेजारीशेजारी होते. निवडणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या.

"समदे एकच दिसत्यात," मामा म्हणाले.

अण्णांचा सगळा जन्म काजूचा रंग बघण्यात गेला होता. ज्याला सगळे काजू एकच दिसतात असा मनुष्य त्यांनी पहिल्यांदाच बघितला. त्यांनी मामांच्या हातातले गर काढून घेतले, त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि चहा सांगितला. आपलाही उजवा डोळा हल्ली पाणावतो, पण हे धंद्यात बोलून चालत नाही, असं हळू आवाजात सांगितलं. चहा घेऊन विलास आला. कप माझ्या हातात देताना त्यानं शालनची तब्येत विचारली. बरी आहे म्हटलं. तो तिथंच उभा राहिला, म्हणून मी पुन्हा एकदा सांगितलं, बरी आहे.

जाताना अण्णांना आठवलं की आता बेळगावला जाऊन त्या सराफाची माफी मागावी लागणार. त्यांचा चेहरा उतरला. मामांनी लगेच मीही येतो म्हटलं. पुढच्या आठवड्यात दोघं खरंच बेळगावला गेले. सराफानं दोघांना बराच वेळ ऐकवलं, मग जेवू घातलं, असं ऐकलं.

लग्न दिवाळीनंतर झालं. मांडवात काही हौशी पाहुण्यांनी आपापल्या अंगठ्या मामांपुढं धरल्या. मामांनी डोळ्यांचं कारण सांगितलं, तरी लोक ऐकेनात. एकानं तर तुमचा अधू डोळाही आमच्या दोन्ही डोळ्यांना भारी आहे असं सांगितलं. मामा उठून पंगतीत वाढायला गेले. शालन पाया पडायला आली तेव्हा तिनं आपणहून हात पुढं केला आणि बघा की म्हणाली. मामांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला, पण बोटाकडे बघितलं नाही.

"तुला आवडली न्हवं? मग झालं," ते म्हणाले.

त्यानंतर उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोक्याला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावून मामांना निश्चल पडून राहावं लागलं. इतके दिवस ते कुणालाही काही सांगत नाहीत हे बघून गल्लीतल्या लोकांना चुकल्यासारखं वाटू लागलं. पट्टी निघाली, डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड आली, तीही गेली, आणि मग एक दिवस भिंगासारख्या जाड काचेचा चष्मा तयार झाला. तो आणायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. चष्मा लावून ते दुकानाबाहेर आले आणि रस्त्यात थांबले. एकदा डावा डोळा झाकला, एकदा उजवा. जुना डोळा अजून पिवळाच दाखवत होता आणि नवा असं काही पांढरं दाखवत होता, की त्यात थोडी निळाई मिसळल्यासारखी वाटत होती. घरापर्यंत ते असेच एक डोळा मिटत, एक उघडत आले. भाजीवालीला वाटलं म्हातारा डोळा मारतोय. तिनं त्यांना चार शब्द ऐकवले.

घरी मामी अंगणात बसल्या होत्या. नुकतंच न्हाऊन केस उन्हात सोडले होते. आम्ही दार ढकललं तेव्हा त्यांच्या डोक्यावर पदर नव्हता. मामा दोन पावलं आत आले आणि उभे राहिले. मला वाटलं, पायरी दिसत नाहीये, म्हणून मी हात पुढं केला. त्यांनी तो धरला नाही.

"तुझं केस कवा पांढरं झालं गं?"

"झालं की कवाच," मामी म्हणाल्या. "तुमी गुजरीत हुतासा."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नाही. बाजारातून भाजी आणली, असं सांगावं तसं सांगितलं. मामा चष्मा सावरत जवळ गेले. पायरीवर टेकले. मामींना माझ्यासमोर कसंसंच झालं असावं. त्यांनी ओले केस मुठीत गोळा केले आणि पदर डोक्यावर घ्यायला लागल्या.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "जरा बगू दे."

मी दार ओढून घेतलं आणि माझ्या घरी आले.